पिसांची अढी

माझं शिक्षण तिसरीपर्यंत झालं. चौथीला नवे मास्तर आले, त्यांचं-माझं पटलं नाही, म्हणून मी शाळा सोडली. मास्तर पुढं कुठं गेले माहीत नाही. मी मात्र रोह्यापासून आत, आमच्या गावातच राहिलो आणि माझ्या उजव्या हाताला शिकवत राहिलो. हा हात बैलाच्या कानाला लावला की ताप आहे की नुसता कामाचा कंटाळा आहे, ते मला कळायचं. भिजल्या पेंढ्याच्या उडवीत खुपसला की उडवी आतून तापलीय का, ते कळायचं. आणि मे महिन्यात आंब्याच्या अढीत कोपरापर्यंत घातला की आंबे उद्या काढायचे की आणखी ठेवायचे, ते मी तिथल्या तिथं सांगायचो.

शहरातल्या लोकांना अढी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्यांना आंबा झाडालाच पिवळा होतो असं वाटतं. आम्ही तयार कैऱ्या उतरवतो, अंधाऱ्या खोलीत भाताच्या पेंढ्याचा थर देऊन त्यावर मांडतो, वर परत पेंढा, वर गोणपाट. मग कैऱ्या आपल्या आपण तापतात. विस्तव नाही, ऊन नाही, नुसता पेंढा आणि कैऱ्या. त्या तापण्याचा अंदाज ज्याला आला त्याचे आंबे गोड. ज्याला आला नाही त्याचे एक तर आंबट, नाही तर सडके. गावातले लोक आपापल्या अढीत हात घालायला मला बोलावून न्यायचे. डॉक्टरला बोलावतात तसंच. फरक एवढाच, की डॉक्टर कधी कधी चुकतो.

हे सगळं अशासाठी सांगतोय, की नव्वदच्या पुढच्या त्या वर्षांत, माझी मुलगी रोह्याच्या कॉलेजात होती तेव्हा, ती एक दिवस जेवताना म्हणाली,

"बाबा, कॉलेजातनं हिमालयात नेतायत. मला जायचंय."

"देवाला?"

"नाय, चढायला."

"आणि चढून?"

"उतरायचं."

मी भाताचा घास तसाच हातात धरून बघत राहिलो. बायको चुलीपासून म्हणाली, "तिकडं म्हणं हंड्यातलं पाणी दगड होतं. पोरगी जित्ती येल का?"

आमच्याकडची थंडी म्हणजे माघातली सकाळ. शेकोटी केली, दोन बिड्या ओढल्या की ती संपते. पाणी दगड झालेलं मी फक्त रोह्याच्या बाजारात मासळीवर बघितलेलं. पण घरातल्या कर्त्या माणसाला माहीत नाही असं काही असतं, हे पोरांना कळू देऊ नये. मी विचारलं, "रात्री झोपायचं कसं?"

"झोपायची पिशवी असते. ज्यानं त्यानं आपापली आणायची. आत शिरायचं नि तोंडापर्यंत बंद करायचं."

"मग ऐक," मी म्हणालो. "पिशवी आण. माझ्या हाताला उबदार लागली तर जा. नाय लागली तर नाय. मग रडायचं नाय, आईला मधी घालायचं नाय."

"व्हय," पोर लगेच म्हणाली. इतक्या लगेच, की मलाच जरा चुकल्यासारखं वाटलं. पण शब्द गेला होता, आणि माझा शब्द म्हणजे बांधावरचा दगड. लोक त्याला शिव्या देतात, पण हलवत नाहीत.

पिशवी मिळाली रोह्याजवळच्या वरसे गावात. तिथं कंपनीतले एक साहेब राहायचे. तरुणपणी पुष्कळ डोंगर चढलेले, आता जिना चढताना थांबायचे. ते पोरीला पिशवी उसनी द्यायला तयार झाले. मी म्हणालो, मी येतो, मला बघायचीय. साहेबांनी कपाटातून दुधी भोपळ्याएवढी एक थैली काढली. मला वाटलं पिशवीचं टोपण असेल. पण त्यांनी तिचं तोंड सोडलं आणि आतून छत्रीच्या कापडासारखं सुळसुळीत काहीतरी ओढत राहिले, ओढत राहिले, आणि शेवटी माणसाएवढा निळा कोश जमिनीवर पडला.

मी तो उचलला. हातात काही आलंच नाही. आमच्या घरच्या गोधडीखाली कूस बदलायची तर उठून बसावं लागतं, तिला पांघरूण म्हणतात. हे म्हणजे वाळल्या पाल्याची चिमूट.

"आत काय हाय?" मी विचारलं.

"पिसं," साहेब म्हणाले. "बदकाच्या छातीखालची मऊ लव."

"आणि किती थंडीला पुरते?"

"त्याची चिठ्ठी आत शिवलेली होती, पण धुऊन धुऊन अक्षरं गेली. शिवाय जुनी झालीय. आता अंदाजच घ्यायचा." साहेबांनी कोश धरून दोनदा झटकला, सतरंजीवर पसरला आणि म्हणाले, "बसा. चहा घेऊ. तोवर ती फुगेल. जितकी उंच फुगेल तितकी उबदार. पिसं ऊब देत नाहीत हो, पिसांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते."

मी चहा प्यायलो. पिशवी खरंच हळूहळू उठत होती, भाकरी फुगते तशी. साहेबांनी बाजूला फूटपट्टी उभी धरली. मी माझी वीत लावली. बरोबर वीतभर.

"उत्तम," साहेब म्हणाले. "वीतभर असेल तर बर्फातसुद्धा चालेल."

मी हात आत घातला. कोपरापर्यंत. आत गार. नदीतल्या खडकाला हात लावावा तसं गार.

"हिच्यात ऊब नाय," मी म्हणालो.

"अहो, रिकामी आहे ना. आत माणूस गेल्यावर—"

"साहेब, म्हणजे पोरीला हवा पांघरून हिमालयात पाठवायची?"

पोरीनं माझा शर्ट मागून ओढला. माझं मत काही बदललं नाही. पिशवी मात्र घरी नेली, कारण आणखी नीट बघायची होती.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती अंगणात कोंबड्यांना कोंडा घालत होती. एक कोंबडी टोपलीत अंड्यांवर बसलेली होती, तिच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हिच्या पोटाखाली हात घालून बघा. पिसंच हायत नव्हं? किती ऊब असते."

"कोंबडीच्या पिसांत कोंबडी असते," मी म्हणालो. "ह्या पिशवीत कोण हाय?"

"आपली बाय असल ना."

आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ती मला दोनदा-तीनदाच गप्प करू शकली, त्यातली ही एक वेळ. मी उठून गोठ्याकडे गेलो आणि बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिलो. ऊब पिशवीची नाही, आत शिरणाऱ्याची. पिशवीनं ती नुसती धरून ठेवायची. मग पिशवी रिकामी तपासून उपयोग नाही. आत काहीतरी जितं पाहिजे, आपल्या आपण तापणारं. पोरीला मे महिन्यात त्यात कोंडायचं तर ती दिवा लावल्यासारखी तापणार, त्यावरून काय कळणार? मला माझ्या हाताच्या ओळखीचं काहीतरी हवं होतं.

आणि त्याच आठवड्यात आमच्या रायवळाच्या कैऱ्या उतरवलेल्या होत्या.

पोर तेव्हा पेणला मामाकडे होती. तिच्या चढणाऱ्या मंडळींचा सराव तिकडच्या एका डोंगरावर चाललेला. पिशवी घरीच राहिली होती. मी एकाच झाडाच्या, एकाच दिवशी उतरवलेल्या कैऱ्यांचे दोन वाटे केले. अर्ध्यांची नेहमीसारखी पेंढ्यात अढी घातली. अर्ध्या त्या निळ्या पिशवीत पायापासून गळ्यापर्यंत नीट मांडल्या आणि तोंड बंद केलं. पिशवी अशी भरली, की कुणी पाहुणा आडवा झाल्यासारखी दिसत होती.

बायको दारात उभी राहून बघत होती. "अवो, साहेबांची वस्तू हाय ती."

"वस्तू साहेबांची हाय. पोर माझी हाय."

ती परत कोंबड्यांकडे गेली.

अढी बघायच्या नेहमीच्या दिवशी मी दोन्हीकडे हात घातला. पेंढ्यात छान कोमट होतं, व्हायला हवं तसं. मग पिशवीचं तोंड उघडून हात आत नेला आणि झटक्यात बाहेर काढला.

"काय झालं?" बायको धावत आली. "इंचू चावला का काय?"

"तापलीय."

"म्हंजे?"

"पेंढ्यापेक्षा जास्त. बरीच जास्त."

"मग झालं तर. बाय जाणार," असं म्हणून ती कैऱ्या काढायला वाकली.

"हात लावू नको," मी म्हणालो. "एका दिवसावरून काय कळतं? उद्या परत बघू."

एकदा हात घालून निकाल द्यायचा ही माझी आयुष्याची रीत. पण त्या दिवशी निकाल साहेबांच्या बाजूनं लागत होता, म्हणून मला दुसऱ्यांदा खात्री करावीशी वाटली. कोर्टातसुद्धा असंच करतात.

दुसऱ्या दिवशी ढग भरून आले आणि उकाडा असा वाढला, की अंगणातली कुत्री आडवी पडली. माझ्या मागे लोकांची कामं लागलेली, तीन घरच्या अढ्या बघायच्या होत्या. संध्याकाळी घरी येतो तर पोर पेणहून आलेली आणि खोलीच्या मधोमध उभी. पिशवी उघडी. घरभर पिकल्या आंब्याचा वास. तळाचे आंबे मऊ होऊन फुटले होते, रस निळ्या कापडातून आत झिरपला होता, आणि कैऱ्यांना सुटलेल्या घामानं पिसं भिजून गोळे गोळे झाली होती. पावसात सापडलेल्या कोंबडीसारखी पिशवी जमिनीला चिकटली होती.

"बाबा, हे काय?"

"परीक्षा."

"कुणाची?"

"पिशवीची. पास झाली."

"पास झाली?" पोर खाली बसली. "पिशवी मेली, बाबा. हिच्यात हवा कुठं राहिलीय? मला निघायला आठवडा पन नाय."

मी वीत लावून बघितली नाही. लावायची गरज नव्हती. चार बोटं होती.

पोर रडली नाही. तिनं आंबे काढून टोपलीत टाकले, पिशवी विहिरीवर नेली आणि धुतली, तान्ह्या पोराला न्हाऊ घालतात तशी, न पिळता. पण वाळवायची कुठं? ढग हलेनात, हवेत ओल, पिसांचे गोळे सुटेनात. रात्री ती आईला हळूच म्हणाली, "मी कॉलेजातल्या मास्तरांना सांगते, माझं नाव काढा." ते मी ऐकलं. तिनं जावं की नाही हे ठरवायचा हक्क माझा होता. पण आंब्यांनी ठरवावं, हे मला मान्य नव्हतं.

सकाळच्या पॅसेंजरनं मी आणि पोर ओली पिशवी घेऊन पेणला गेलो. माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, तिथं गणपतीच्या कारखान्यात मूर्ती वाळवण्याचं बघायचा. कारखान्याच्या माळ्यावर वर पत्रा आणि खाली फळ्या. ढग असले तरी त्या पत्र्याखाली चण्याफुटाण्याच्या भट्टीसारखं तापायचं. मूर्ती तिथं ओळीनं बसून वाळायच्या.

मेव्हण्यानं पिशवी हातात घेतली, नाकाला लावली आणि माझ्याकडे बघितलं. "भावोजी, आंब्यांना थंडी वाजत होती काय?"

"तू तुझं काम बघ."

"बघतो की. पन उद्या फणसाला स्वेटर घालायचा असला तर आधी सांगा."

पोर तेवढ्यात पहिल्यांदा हसली, म्हणून मी त्याला काही बोललो नाही.

मूर्तींच्या दोन ओळींमध्ये काथ्याची दोरी बांधून पिशवी आडवी टाकली. डोळे न काढलेले पांढरे गणपती दोन्ही बाजूंनी बसलेले आणि मध्ये निळी पिशवी. पोर दिवसातून कितीदा तरी वर जायची. बोटांनी पिसांचे गोळे एकेक करून मोकळे करायची, उलटवायची, परत मोकळे करायची. तिचे केस, तिची बोटं, सगळं पांढऱ्या भुकटीनं भरलेलं. मी खाली कारखान्याच्या दारात बसायचो आणि ती उतरली की विचारायचो, "किती?" ती म्हणायची, "अर्धी वीत." मग, "अर्ध्याच्या वर." एकदा म्हणाली, "झाली वीतभर!" मी वर गेलो. तिनं स्वतःची वीत लावून दाखवली.

"तुझी वीत नको. माझी," मी म्हणालो.

माझी लावली. दोन बोटं कमी.

तिला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सगळ्यांनी पेणलाच जमायचं होतं, आणि बायकोही तिला निरोप द्यायला आलेली होती. आम्ही चौघं माळ्यावर पिशवीभोवती उभे. पोर माझ्याकडे बघत होती. तिनं काही मागितलं नाही. आईला मध्ये घातलं नाही. अटच होती तशी.

मेव्हणा म्हणाला, "भावोजी, मूर्ती दोन बोटं कमी भरली तरी गिऱ्हाईक घेऊन जातं."

"गिऱ्हाईकाला मूर्तीत झोपायचं नसतं."

मी पिशवीत हात घातला. आत पत्र्याची ऊब होती, तिच्यावरून काही कळत नव्हतं. मग मी हात तसाच ठेवला, काढला नाही. थोड्या वेळानं हाताला हाताचीच ऊब लागायला लागली. माझीच ऊब मला परत मिळत होती. सगळी नसेल. दोन बोटं कमी.

"जा," मी म्हणालो. "पन गोधडी घेऊन जायची. दोन बोटांची भरपाई."

"बाबा! ती उचलून चढायचं?"

"मग नको चढू."

"नेते, नेते."

बायकोनं येताना गोधडी आणलेलीच होती. तिला माझा स्वभाव माहीत होता. मी ती घट्ट गुंडाळली आणि काथ्यानं बांधली. माझी एक गाठ आहे, भाऱ्याला मारायची, शेवट डाव्या बाजूनं आत सारायचा. सुटत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मारता येत नाही. बांधता बांधता माझ्या बोटांची पांढरी भुकटी गाठीला लागली. पोरीनं ते ओझं पाठीला लावलं, वर ती दुधीएवढी थैली, आणि गेली.

ती परत आली तेव्हा आमच्याकडे पेरे उरकले होते. नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले, आणि चालण्यात असं काहीतरी आलेलं, की बायको म्हणाली, "ही उंच झाली का गो?" शेजारची चार माणसं जमली. मी सगळ्यांसमोर विचारलं, "थंडी?"

पोरीनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "होती. लय होती. हंड्यातलं पाणी खरंच दगड व्हायचं. पन बाबांची गोधडी होती ना, म्हणून निभावलं."

मी मिशीवरून हात फिरवला. शेजाऱ्याला म्हणालो, "साहेबांचं शिक्षण किती, नि ऊब कशात असते हे मला विचारा." त्या दिवशी गावात मी ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली. विचारलं नव्हतं अशाही ठिकाणी.

वरसेला पिशवी परत द्यायला मीच गेलो. साहेबांनी ती हुंगली आणि म्हणाले, "हिला आंब्याचा वास येतोय."

"मे महिन्यात आमच्या घरात सगळ्यालाच येतो," मी म्हणालो. यात खोटं एकही अक्षर नव्हतं.

नंतर एक दिवस पावसानं उघडीप दिली. बायको म्हणाली, गोधडी बाहेर टाका, ओल लागेल. मी खोलीच्या कोपऱ्यातून ती गुंडाळी अंगणात आणली आणि सोडायला बसलो. दोरीला हात लावला, आणि हात थांबला.

गाठ माझी होती. शेवट डाव्या बाजूनं आत सारलेला. गाठीच्या फटीत पेणच्या कारखान्याची पांढरी भुकटी, माझ्याच बोटांची. जशी बांधली होती तशी. हिमालय चढून उतरून आलेली गाठ, कुणीही हात न लावलेली.

मी आजूबाजूला बघितलं. बायको आत होती. मी गाठ सोडली, गोधडी झटकली आणि वलणीवर पसरली.

बायको बाहेर आली, गोधडीजवळ गेली, वास घेतला. "एवढी वापरली म्हणते, पन मळलेली दिसत नाय."

"तिकडं हवा स्वच्छ असते," मी म्हणालो.

ती आत गेली. मागे वळलो तर पोर दारात उभी. माझ्या हातात दोरी होती, अजून गाठीच्या जागी वळ असलेली.  तिनं पुढं येऊन दोरी माझ्या हातातून घेतली, बोटांनी ताणून वळ काढून टाकला आणि खुंटीला अडकवली.

आजही नातवंडांसमोर थंडीची गोष्ट निघाली, की ती गोधडीचंच नाव घेते. मी मान डोलावतो.